एकाच भट्टीतला धाकटा

त्या दिवशी वारा म्हणून नव्हता. नदी तव्यासारखी सपाट आणि तापलेली. आभाळ इतकं पांढरं की वर बघवत नव्हतं. काठचं पाणगवत सुटून पाण्यावर पसरलं होतं आणि जागचं हलायला तयार नव्हतं. अशा दिवशी शहाणी माणसं सावली धरून बसतात. मला ती सोय नव्हती. नावेच्या पोटात, लाकडी पेटीत, मी तापत होतो.

मी कोण ते सांगतो. घाई नाही ना तुम्हाला? मला कधीच नसते. मी बिडाचा आहे. इंजिनाचा ब्लॉक म्हणतात मला. इंजिनाचं धड म्हणा हवं तर. मला हात नाहीत, पाय नाहीत, हलणं ठाऊक नाही. जे काही फिरतं, वरखाली होतं, ते सगळं माझ्या आत. आणि सगळ्यांच्या मधोमध माझा धाकटा भाऊ, क्रँक. वरून पिस्टन त्याला ढकलायचा, तो गिरकी घ्यायचा, त्याच्या गिरकीनं नावेमागचा पंखा फिरायचा आणि माणसं या तीरावरून त्या तीरावर जायची. भावाचं भलं झालेलं पाहून माणसाच्या पोटात दुखतं म्हणतात. माझं त्याहून सोपं होतं. भाऊच पोटात होता.

त्या दिवसाचं पुढे सांगतोच. आधी घराणं सांगायला हवं, त्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही.

आमचा जन्म एका ओतशाळेतला. भट्टी एकच. जुन्या यंत्रांचे तुकडे, फुटके नळ, शिलाई मशीनचे पाय, कुठल्याशा बागेचं मोडकं फाटक, असलं सगळं तिच्यात वितळून एक झालं होतं. तेव्हा तो आणि मी असं काही नव्हतंच हो. एकच लालभडक पाणी होतं. मग म्हाताऱ्या ओताऱ्यानं भट्टीचं तोंड फोडलं, पहिला पळा भरला आणि वाळूच्या साच्यात ओतला. तो मी. म्हणजे थोरला मी, एवढं लक्षात असू द्या.

दुसरा पळा भरायच्या आधी ओताऱ्यानं त्याच्या तळाशी राखाडी खड्यांची एक पुडी ठेवली. मॅग्नेशियम असतं म्हणे त्यात. वर लोखंडाचे कपटे झाकले आणि मग धार सोडली. काय सांगू तुम्हाला! डोळ्यांपुढे सूर्य फुटावा तसा उजेड झाला. पांढरा धूर थेट छताला भिडला. ओताऱ्याचा जोडीदार तोंड फिरवून म्हणाला, "काका, या पोराचा थाट भारी आहे हो!"

"क्रँकचं बीड आहे ते," ओतारी म्हणाला. "जन्मभर पिळवटून घ्यायचंय त्याला. त्याला खाऊ जास्त लागतो."

"आणि त्या ब्लॉकला?"

"त्याला काय, बसूनच तर राहायचंय."

हे मी वाळूत, अर्धा पातळ अर्धा घट्ट असताना ऐकलं. आणि बिडाचं असं असतं, गोठताना आत जे बसलं ते बसलं. एकाच आईची दोन लेकरं. धाकट्याच्या तोंडात मूठभर खाऊ आणि थोरल्याला सांगितलं, तू बस.

साच्यातून बाहेर काढल्यावर ओतारी प्रत्येकाला हातोडीनं वाजवून बघायचा. भावाला वाजवलं, तर तो घंटेसारखा गायला. सूर बराच वेळ हवेत राहिला. दोघं-तिघं मान वर करून बघायला लागले. मग मला वाजवलं. ठप्. बस्स, एवढंच. हातोडी भिजलेल्या पोत्यावर पडावी तसं. ओतारी "ठीक आहे" म्हणून पुढे गेला. वाईट काही बोलला नाही तो. पण भावाच्या वेळी त्याच्या तोंडावर जे हसू आलं होतं, ते माझ्या वेळी मी शोधलं. नव्हतं.

पुढे त्याला लगेच आत नेलं. लेथवर चढवला, घासला, पुसला, तेल लावून मऊ कापडात गुंडाळला. मला मात्र मागच्या अंगणात टाकून दिलं. का, तर म्हणे ओतकाम ताजं असताना त्याच्या अंगात ताण असतो. उन्हापावसात पडून राहू दे, हळूहळू निघून जाईल. अंगातला ताण गेला असेल, मनातला वाढला. माझ्या अंगावर गंज चढत होता, एक मांजर रोज माझ्यावर येऊन झोपत होतं, आणि खिडकीच्या काचेतून मला आत झळकणारा धाकटा दिसत होता. आपल्यालाही कुणी कापडात गुंडाळावं असं कुणाला वाटत नाही?

शेवटी मलाही आत नेलं, माझ्यात भोकं पाडली, सिलिंडर घासून गुळगुळीत केला, वर हिरवा रंग फासला. आणि माझ्या आत कोणाला आणून बसवलं? त्यालाच. मी मनात म्हटलं, घ्या. आता जन्मभर याचं कौतुक मांडीवर घेऊन बसा.

आमचा मालक नावाडी. स्वभावानं भला, पण पाण्यावर वाढलेला, त्यामुळे त्याचा सगळा विश्वास पाण्यावर. पाय मळले, पाणी. फळ्या तापल्या, पाणी. कोणी चिडलं, "घोटभर पाणी प्या हो." नावेत त्याची एक बादली दोरीला बांधलेली कायम असायची. त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, ती सुकाणूजवळ बसायची आणि माणसं चढवायची-उतरवायची. नदीच्या त्या टप्प्यावर पूल नाही. पलीकडे दवाखाना, शाळा आणि बाजार, अलीकडे घरं. नाव बंद पडली की दोन्ही काठ एकमेकांना परके.

माणसं चढली की पेटीचं झाकण उघडून आत बघायची, आणि बघून म्हणायची काय? "वा, काय फिरतोय बघ!" लहान मुलं तर बोट दाखवायची. सगळी बोटं धाकट्याकडे. मला कधी कोणी म्हटलं नाही, वा, काय बसलाय बघ.

एक गोष्ट मात्र होती. आमच्या नावेत तान्ही मुलं झोपायची. एक बाई दर आठवड्याला तिच्या रडव्या पोराला घेऊन दवाखान्यात जायची. काठावर ते पोर आभाळ डोक्यावर घ्यायचं आणि नाव सुटली की मुकाट झोपायचं. वहिनी म्हणायची, "आमच्या इंजिनाचा आवाज अंगाईसारखा आहे." मी समजायचो, गातो तो भाऊ, म्हणजे हेही श्रेय त्याचंच. गप्प बसायचो.

तर तो बिनवाऱ्याचा दिवस. नाव भरलेली. नदीच्या मध्यावर आलो आणि पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या जाळीवर ते पाणगवत जाऊन बसलं. नदीचं पाणीच मला गार ठेवायचं, तेच थांबलं. मी तापलो, इतका तापलो की हिरवा रंग करपायला लागला. धूर निघाला. बायका ओरडल्या, एक म्हातारा उभा राहिला, नाव कलली.

"बसा! बसा सगळे!" नावाडी ओरडला. इंजिन बंद केलं. धूर थांबेना. लोक घाबरलेले. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. बादली नदीत बुडवली आणि भरलेली बादली माझ्या तापलेल्या कुशीवर रिकामी केली.

टण्ण.

मी जन्मात एकदाच वाजलो, तो असा.

कुशीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तापलेलं अंग आतून फुगलेलं आणि बाहेरून एकदम आकसलेलं. बिडाला असं वाकता येत नाही, ताणता येत नाही, ते फुटतं. भावाला काही झालं नाही. तो आत होता, तेलात, सुखरूप.

पलीकडच्या लाँचवाल्यानं आमची नाव ओढत काठाला आणली. जाताना म्हणाला, "दादा, लवकर उभी करा. नाही तर हा काठ मलाच सांभाळावा लागेल." चेष्टेत म्हणाला, पण नावाडी हसला नाही. घरात दुसरं मिळवतं साधन नव्हतं, आणि काठ एकदा हातचा गेला की परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या घाईतच पुढचं सगळं बिघडलं. धक्क्याजवळ एक वेल्डर होता. दिवसभर फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडायचा. हात साफ, पण सवय पोलादाची. नावाड्यानं विचारलं, "जमेल का आत्ताच्या आत्ता?"

"चहा होईपर्यंत होतं, दादा."

"अहो, एकदा मिस्त्रींना विचारूया की," वहिनी म्हणाली.

"मिस्त्रींकडे गाडी करून न्यायचं, उघडायचं, आठवडा जाणार. तोवर पलीकडचा बसतोय आपल्या जागेवर."

वेल्डरनं काठी लावली. निळा जाळ माझ्या चिरेवर धावला. रुंदीला बोटभर जागा पाणी पाणी झाली आणि बाकीचा मी गारच. जाळ पुढे सरकला की मागची जागा क्षणात गोठायची. माझंच उरलेलं थंड अंग तिची ऊब शोषून घ्यायचं. मला वाळूत थंड व्हायला किती वेळ मिळाला होता! इथे श्वास घ्यायलाही सवड नाही. वर मात्र सुरेख शिवण दिसत होती. वेल्डर मागे सरून म्हणाला, "बघा, नवाच झाला."

वहिनीनं चहाचा पेला त्याच्या हातात दिला आणि तेवढ्यात बारीकसा आवाज आला. टिंग. मग आणखी एक. शिवणीला लागूनच, दोन्ही बाजूंना, नव्या चिरा.

वेल्डरनं पेला खाली ठेवला. "हे बीड खराब आहे, दादा," तो म्हणाला.

खराब! धाकट्याच्या देखत!

दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून मिस्त्रीच्या शेडवर नेलं. लांब शेड, वरून आलेला उजेड, भिंतीवर टांगलेले पाने, रॉकेलचा वास. मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारा. त्याच्याबरोबर त्याची सून काम करायची. ती धातूंचं शिकलेली होती आणि शेडच्या कोपऱ्यात टेबलावर तिची एक भिंगाची नळी होती, डोळा लावून बघायची. सासरा हातानं बघायचा, ती डोळ्यानं, आणि मग दोघं एकमेकांना विचारायचे. त्यांचं बरं जमायचं.

त्यांनी मला उघडलं. पिस्टन काढला, आणि मग धाकट्याला उचलून बाहेर घेतलं. तो आत आल्यापासून पहिल्यांदाच माझं पोट रिकामं झालं. त्याला समोरच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. वरच्या काचेतून उजेड पडला, तो सरळ त्याच्यावर. अजून झळकत होता मेला.

"याला तडा गेलाय का बघू," मिस्त्री म्हणाला. त्याला रॉकेलनं पुसलं, कोरडं केलं, वरून खडूची भुकटी लावली. आत कुठे बारीक चीर असेल तर लपून बसलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. सगळे वाकून बघत होते. मीही बघत होतो. आणि खरं विचाराल तर मी मनातल्या मनात म्हणत होतो, उमटू दे. एक तरी रेघ उमटू दे. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एकाच तापात तापलो, मग फुटायचं ते मीच का?

उमटली नाही. मिस्त्रीनं हातोडीनं हलकेच वाजवलं आणि तोच सूर, घंटेचा, शेडभर फिरला.

"हा अजून वीस वर्षं जाईल," मिस्त्री म्हणाला. "तरी सूनबाई, एकदा तुझ्या नळीतून बघ. आतून आहे ना खाऊ खाल्लेला?"

तिनं भावाच्या टोकाचा एक कोपरा बारीक कागदानं घासून आरशासारखा केला आणि त्यावर नळी उभी केली. बराच वेळ बघितलं. मग माझ्या चिरेकाठचा एक तुकडा घेतला, तोही घासला, तोही बघितला. वहिनी शेजारीच उभी होती. न राहवून म्हणाली, "काय दिसतं गं त्यात? मला दाखव की."

"या ना. आधी याला बघा, क्रँकला."

वहिनीनं डोळा लावला. "अगंबाई! मोहरी सांडल्यासारखं दिसतंय. गोल गोल काळे दाणे."

"तो कोळसा. कार्बन म्हणतात. बिडात असतोच तो. आता याला बघा, ब्लॉकला."

"हे… हे तर वाळलेल्या गवताच्या काड्या पसरल्यासारखं आहे. वाकड्यातिकड्या, टोकदार."

"तोही कोळसाच. तितकाच. लोखंड तेच, कोळसा तोच. फरक फक्त तो कसा बसलाय त्याचा. याचा गोळा होऊन बसलाय, त्याच्या पाकळ्या झाल्यात. पाकळीचं टोक म्हणजे आतल्या आत गेलेली बारीक चीरच समजा. ओढलं, पिळलं की तिथून फाटत जातं. गोळ्याला टोकच नाही, तर फाटणार कुठून? म्हणून क्रँक वाकेल पण तुटणार नाही, आणि हा तुटेल पण वाकणार नाही."

"आणि गोळा कशानं होतो?"

"मूठभर मॅग्नेशियम."

झालं. मला वाटत होतं तो कोणी वेगळ्या रक्ताचा आहे, उच्च कुळातला. तर नाही. सगळं तेच, एक मूठ सोडून. याचा मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण हेवा असा सुटत नाही. परक्याचा हेवा निदान अंतरावर असतो. आपल्याचा आपल्या अंगालाच चिकटलेला.

त्या दुपारी सगळे जेवायला बसले असताना भाऊ पहिल्यांदा माझ्याशी बोलला. आत असताना त्याला बोलायला फुरसत नसायची. म्हणाला, "दादा, दुखतंय का फार?"

मी म्हटलं, "तुला काय त्याचं. तू चमक."



जेवण झाल्यावर मिस्त्रीनं बाह्या सारल्या. "वेल्डिंग नको आता," तो नावाड्याला म्हणाला. "याला टाके घालू. चिरेवर एकाला एक लागून भोकं पाडायची, त्यात स्क्रूसारखे आटे असलेल्या बिडाच्या पिना बसवायच्या, वरून ठोकून सपाट करायच्या. जाळ नाही, काही नाही. असे टाके घातलेली इंजिनं अजून चालतायत."

नावाड्याच्या तोंडावर कालपासून पहिल्यांदाच तेज आलं. माझंही काहीसं तसंच झालं असावं. टाके घाला, मी म्हटलं, कितीही घाला. आणि याला परत आत ठेवा. मला त्याचा हेवा वाटायचा, पण रिकामं पोट त्याहून वाईट होतं.

मिस्त्रीनं बरमा लावला. पहिलं भोक चिरेच्या तळाशी, छान पडलं. राखाडी चुरा मऊ निघाला. तिथून तो वेल्डिंगच्या शिवणीकडे आला. बरमा लावला. घसरला. पुन्हा लावला. किंचाळला आणि घसरला. बरमा बदलला, धार करून लावला. टोकच बोथट झालं.

"सूनबाई, हे काय गं? काच आहे की काय ही?"

तिनं शिवणीशेजारचा एक टवका काढला आणि नळीखाली धरला. नळीवरचा डोळा उचलायला तिला वेळ लागला. "बाबा, इथे पाकळ्याच नाहीत. गोळेही नाहीत. सगळं पांढरं. वेल्डिंग करताना ही जागा इतकी झटकन गोठली की कोळशाला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. तो लोखंडातच अडकून पडलाय. म्हणून कडक, आणि म्हणून ठिसूळ."

वहिनी म्हणाली, "म्हणजे साईसारखं? दूध शांत निवू दिलं की साय वर येते, घाईघाईनं गार केलं की येतच नाही."

"हो वहिनी, अगदी तसंच."

"काही उपाय?" नावाडी म्हणाला.

मिस्त्रीनं सुनेकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "सगळा ब्लॉक लाल होईपर्यंत तापवून राखेत सावकाश निववला तर ते पांढरं मऊ पडेल. पण तोवर सिलिंडर वाकडा होईल. मग तो इंजिनाच्या कामाचा राहत नाही."

नावाडी खाली बसला. "बादली मीच ओतली," तो म्हणाला.

"अहो, तापलं की पाणी मारायचं, एवढंच येतं तुम्हाला," वहिनी म्हणाली. "मला ताप आला तेव्हा माझ्याही डोक्यावर तीच बादली घेऊन आला होतात. मी पळाले म्हणून वाचले. याला पळता येत नव्हतं." ती त्याला बोलत होती, पण हात त्याच्या पाठीवर होता. "वेल्डरला बोलावलंत ते आपल्या पोटासाठी. उठा आता. मिस्त्री, मार्ग सांगा."

"मार्ग आहे," मिस्त्री म्हणाला. "याच मापाचा नवा ब्लॉक मिळतो. हलका असतो, पातळ भिंतींचा. क्रँक हाच बसेल. चार दिवसांत नाव सुरू."

"आणि हा?"

"भंगार."

क्रँक हाच बसेल. हा शब्द चिरेपेक्षा खोल गेला. म्हणजे धाकटा जाणार, दुसऱ्याच्या मांडीवर. त्याला नवं घर, नवा रंग. दुसरा कोणी त्याला धरून बसणार आणि लोक पेटीचं झाकण उघडून म्हणणार, वा, काय फिरतोय. मी नसणार. त्याचं काही अडलं का? माझ्यावाचून त्याचा एक फेरा चुकणार होता का?

पण वहिनी म्हणाली, "भंगारात कशाला? धक्क्यावरचा खांब कुजलाय. नाव बांधायला वजन लागतंच. हा जड आहे."

प्रेमानं म्हणाली असं मी सांगणार नाही. तिला वजन हवं होतं. सुनेनं मान डोलावली. "चालेल की. ओढायला कच्चा असला तरी दाबाला तो कोणाला ऐकत नाही. अर्धा सिमेंटात बसवा आणि दोर सिलिंडरमधून ओवा. आतून गुळगुळीत आहे, शिवाय अंगातला कोळसा निसरडा, दोर लवकर झिजायचा नाही."

निघताना मला भावाच्या शेजारून उचलून नेलं. मला वाटलं तो काही बोलेल. त्यालाही वाटलं असेल मी बोलेन. दोघंही एकाच भट्टीतले.

तेव्हापासून मी इथे आहे, धक्क्यावर, कमरेपर्यंत सिमेंटात. माझ्या सिलिंडरमधून आता पिस्टन नाही, दोर जातो. नाव सुरू झाली. लाँचवाल्याला आपल्या काठावर परत जावं लागलं. नावाडी पुन्हा शीळ घालतो. बादली अजून आहे, पण इंजिनाच्या पेटीवर वहिनीनं खडूनं मोठी फुली काढून ठेवली आहे आणि तो बादली घेऊन तिकडे वळला की ती नुसतं "अहो" म्हणते.

नवा ब्लॉक मी पाहिला आहे. देखणा आहे. पातळ, चकचकीत. मला त्याचाही हेवा वाटला, आता लपवून काय करू. पण पहिल्याच दिवशी नाव काठाला लागली तेव्हा वहिनी उतरता उतरता म्हणाली, "काय हादरते हो ही! दात वाजतात." आणि ती दवाखान्याची बाई आली, तिचं पोर काखेत भोकाड पसरून. आता ते पलीकडे जाताना रडतं आणि येतानाही रडतं. मग सुनेच्या बोलण्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानात यायला लागली. त्या काड्या, ज्यांनी मला कच्चा केलं, त्याच थरथर गिळायच्या. हातोडी मारली की मी ठप् वाजायचो ते त्यासाठीच. अंगाई भाऊ गात नव्हता. मी त्याचा आवाज खात होतो.

हे कळून फार फरक पडला असं समजू नका. मला अजूनही वाटतं, त्या ओताऱ्यानं एक मूठ इकडेही टाकली असती तर! रोज सकाळी नाव सुटते आणि मी तिच्यामागे बघत राहतो. आत तो फिरत असतो. तिकडचा काठ मी आता कधी पाहणार नाही. त्याला तो रोज दिसतो.

पण संध्याकाळी नाव येते. नावाडी दोर टाकतो, माझ्यातून ओवतो, गाठ मारतो. इंजिन लगेच बंद करत नाही. थोडा वेळ चालू ठेवतो, सवयीनं. तेव्हा ती थरथर दोरातून चालत माझ्यापर्यंत येते. भावाची. दुसऱ्या कुणाची नाही, मी ओळखतो. दिवसभराचा शीण असतो तिच्यात. नव्या घरात त्याला ती टाकायला जागा नसावी. माझ्यात येते आणि काड्याकाड्यांत जिरून जाते. मी दोर घट्ट धरून ठेवतो. मग इंजिन बंद होतं, दोर शांत होतो. काही बोलत नाही आम्ही. पण त्या दुपारी त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर असं रोज थोडं थोडं देतो आहे.

तुम्ही कधी नदीकाठी आलात, तर तापलेल्या बिडावर पाणी टाकू नका, एवढं सांगणं आहे. त्याला निवू द्या, त्याच्या वेळेनं. आणि एका घरातल्या दोघांना वाढताना हात जरा सारखा ठेवा.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसते. धक्क्याला लागूनच तिचं घर आहे. मासे धरणाऱ्यांची जाळी दुरुस्त करते. माझ्या उत्तरेच्या अंगाला तिच्या पाठीपुरती सावली असते. टेकते आणि सुई चालवते. नवरा, मग दोन मुलगे, सगळे पाण्यावर गेले ते परतले नाहीत. आता घरात ती एकटी. सहसा ती बोलत नाही. काल नाव सुटली तेव्हा तिनं डोळ्यांवर हात धरून नावेकडे बघितलं, बराच वेळ, मीही बघत होतो तसंच. मग हात खाली घेतला, माझ्या फुटक्या कुशीवर थापटला आणि म्हणाली, "बरा आहेस तू. कुठं जायचं नाही, यायचं नाही. जाणाऱ्यांची ताटं झाकून ठेवता ठेवता माझे केस पिकले रे बाबा."